कलकत्त्याच्या कारकुनाचा गुन्हा

बोरखडी, ता. मंगरूळ
१२ जुलै १९३४

तीर्थरूप बाईंच्या पायांवर इंद्रभानचे डोके.

येथे सर्व ठीक. रुख्मिणी आणि दोन्ही पोरी बऱ्या आहेत. पेरण्या आटोपल्या, पऱ्हाटी दोन पानांवर आली. शाळेत पटावर पस्तीस नावं आहेत, येतात अठरा. सकाळी शाळा भरते, दुपारी त्याच खोलीत मी टपालाची पेटी उघडतो. पूर्वी नुसता शाळेचा मास्तर होतो, आता गावाचा पोस्टमास्तरही आहे, त्यामुळे दोन्हीकडचे लोक मास्तरच म्हणतात.

तुमचे चाळीस रुपये मे महिन्यात पाठवले, त्याची पोच मिळाली. मनिऑर्डर आसेगावहून केली होती. आपल्याच हाताने आपलीच मनिऑर्डर लिहिणं बरं दिसत नाही. नॉर्मल स्कूलात मास्तरकी शिकताना तुम्ही थोरल्या बहिणीने उसने दिलेले ते पैसे सात वर्षं राहिले होते, ते फिटले.

एक काम आहे. चावडीवर एक इंग्रजी वर्तमानपत्र आलं आहे. त्यात कलकत्त्याच्या एका कारकुनाचा खटला छापला आहे. लोक म्हणतात, मास्तर, वाचून सांगा. मला इंग्रजी येत नाही हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? त्यातले शब्द मी चित्र काढावं तसे पाहून उतरवले आहेत. चिठोरं सोबत आहे. अर्थ लवकर कळवा. पंधरा दिवसांच्या आत कळला तर बरं होईल, पुढे लोकांचं मन दुसरीकडे जातं.

तुमचा
इंद्रभान


अमरावती
१७ जुलै १९३४

चि. इंद्रभान,

चिठोरं पाहिलं. इंग्रजी न येणाऱ्याच्या मानाने अक्षर सुबक आहे. नॉर्मल स्कूलमध्ये असताना सुटीत मी शिकवायला बसले की तुला तहान लागायची. आता पस्तिसाव्या वर्षी अक्कल आली, हेही नसे थोडके.

पहिला शब्द एम्बेझलमेंट. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. मुळात त्याचा अर्थ नासधूस करणे, उद्ध्वस्त करणे असा होता. पुढे तो पैशांना लागला: विश्वासाने सोपवलेलं आपल्याकडे वळवणे. साध्या चोरीहून हा गुन्हा वेगळा आहे. चोराला भिंत फोडावी लागते. याला घरधन्यानेच किल्ली दिलेली असते. आपण अफरातफर म्हणतो तेच.

पुढचे दोन शब्द जोडीने आहेत. मिसअप्रोप्रिएशन यात लॅटिन 'प्रोप्रियस' आहे, म्हणजे स्वतःचं. जे आपलं नाही ते आपलं करणे. टेम्पररी म्हणजे काही काळापुरतं. हा जोडशब्द वाचून मला हसू आलं. माझा नवरा काही काळापुरता वारला असं मला अजून कुणी म्हटलेलं नाही.

तुझ्या चाळीस रुपयांतून मी मोठा इंग्रजी कोश घेतला. कॉलेज सुटून मुलींच्या शाळेत शिकवायला लागले तेव्हापासून तो मला हवा होता. वरचं सगळं त्यातूनच पाहून लिहिलं आहे, म्हणजे तुझ्याच पैशांनी तुला शिकवते आहे. आणखी शब्द असतील तर पाठव. चावडीवर बसून तंबाखू मळण्यापेक्षा हे बरं.

विजयमाला


बोरखडी
३० जुलै १९३४

तीर्थरूप बाईंस नमस्कार.

तुमचं पत्र मी पुष्कळदा वाचलं.

त्या कारकुनाला त्याच्या साहेबाने पैसे भरायला आणखी मुदत दिली आहे. हकीकत अशी आहे. बाहेरगावी कमावणाऱ्या मुलांचे पैसे त्याच्या हातून त्यांच्या आयांना मिळत. बाया पैसे घरी नेत, तर जावई नाहीतर दीर काढून घेई. म्हणून त्या पावतीवर अंगठा देत आणि म्हणत, भाऊ, राहू दे तुझ्याजवळच, लागतील तसे नेईन. त्याने प्रत्येकीच्या पैशांची चिंधीत गाठ बांधली. बायांना वाचता येत नाही, म्हणून गाठीत एकेक खूण टाकली: कुणाचा चिंचोका, कुणाची कवडी, कुणाच्या बांगडीचा तुकडा. कुणी दोन आणे न्यायला आली की तो तिच्यासमोर गाठ सोडी आणि तिच्यासमोर बांधी. अशा चौदा गाठी. तेरा पुऱ्या निघाल्या. एकीतले त्याने घेतले होते. दिवाळीपर्यंत भरणार होता.

चावडीवरच्या लोकांचे तीन प्रश्न आहेत. पहिला, त्याने ज्या कामासाठी घेतले ते काम चांगलं होतं. त्याने शब्द बदलतो का? दुसरा, डिफाल्केशन म्हणजे काय? तिसरा असा की त्याला एक थोरला भाऊ आहे. शिकलेला, नोकरीतला, मोठ्या शिस्तीचा. कारकुनाने त्याला अजून काही सांगितलेलं नाही. या भावाने भरले तर साहेब प्रकरण पोलिसांकडे देणार नाही, असं छापलं आहे. भावाने भरावे की नाही यावर चावडीत दोन तट पडले आहेत.

तुमचं मत काय? जे असेल ते स्पष्ट लिहा.

इंद्रभान


अमरावती
६ ऑगस्ट १९३४

चि. इंद्रभान,

कलकत्त्याच्या वर्तमानपत्रात चिंचोका कसा आला? तुमच्या चावडीने खटल्याला बरंच तिखटमीठ लावलेलं दिसतं. असो.

आधी शब्द. डिफाल्केशन यात लॅटिनमधला विळा आहे. विळ्याने छाटून घेणे. उभ्या पिकातून मूठभर कापलं तरी शेत उभंच दिसतं, तशी ही चोरी. याच जातीचा आणखी एक शब्द देते, पेक्युलेशन. त्याच्या मुळाशी गुरंढोरं आहेत, कारण रोमन लोकांचं जुनं धन तेच. म्हणजे दुसऱ्याची गाय आपल्या खुंट्याला बांधणे. स्विंडल यात जर्मन भाषेतली घेरी आहे. आणि लूट हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडून नेला, त्यासाठी कोश उघडावा लागला नाही.

आता तुझ्या चावडीचे प्रश्न.

काम चांगलं असल्याने शब्द बदलत नाही. देवळाचा कळस चढवायला घेतले तरी घेतलेच.

तुमचे लोक एका गाठीवरून वाद घालतात, पण माझ्या मते चौदाही गाठी गुन्हा आहेत. अंगठा आधी आणि पैसे मागून, म्हणजे न दिलेलं दिलं असं त्याने चौदा जागी सरकारी कागदावर नोंदवलं. दयेपोटी नोंदवलं असेल. खोटं ते खोटं.

थोरल्या भावाने एक पैसाही भरू नये. तो शिस्तीचा आहे म्हणतोस, मग तो भरणारही नाही. भरला तर कारकुनाला एवढंच शिकायला मिळेल की मागे कुणीतरी उभं आहे. आणि ज्याला सख्ख्या भावापाशी तोंड उघडता येत नाही, त्याला आपण काय केलं हे पुरतं ठाऊक असतं.

मुलींना पाढे पाठ करायला लाव. पुढचे शब्द लवकर पाठव, मात्र जरा बऱ्या चालीचे.

विजयमाला


आसेगाव, बाजाराचा दिवस
१५ सप्टेंबर १९३४

विजयमालाबाईले रुख्मिणीचा नमस्कार. लिवणार तय्यब कापडवाला, रिसोडचा.

आमच्या गावात चिठी लिवणारा मानूस एकच, अन् टाकणारा बी तोच. त्याईची गोठ त्याईच्याच हातानं कशी लिवू? म्हून बाजाराले आली अन् तय्यबभाऊले दुकानात बसून लिवाले लावलं.

बाई, कलकत्त्याचा कोनी कारकून नाई. तो कारकून आमच्याच घरात जेवते.

पेरण्या झाल्या अन् टपालाचा साहेब पेटी तपासाले आला. सरकारी पैसा पाईपाईनं बराबर निंगाला. मंग त्यानं फळीवरचा डबा पाह्यला. म्हणे, हे काय? यायनं सांगतलं, बायांचे पैसे हायेत. साहेब म्हणे, बायांचे अंगठे तं पावतीवर हायेत, मंग पैसे तुह्याजवळ काहून? यायनं समजावलं. साहेबानं गाठी सोडल्या. तेरा भरल्या. गोजराबाईच्या गाठीत नुसता चिंचोका.

ते चाळीस रुपये तुमाले धाडले. तुमी दर दिवाळीच्या चिठीत लिवत होत्या, सात वर्सं झाले, उसने ते उसने. या साली थोरलीले टायफाड झाला, हातात काई राह्यलं नाई, अन् याईले तुमच्यापुढं खाली पाहाची लाज. गोजराबाईच्या लखमानं मुंबईच्या गिरणीतून धाडलेले ते होते.

टपालाचा साहेब भला मानूस. इंग्रजी कागद देल्ला अन् म्हणे, चाळीस भर, मी हे इथंच मिटवतो. पंधरा दिस देल्ले, अजून पंधरा देल्ले. मी म्हटलं, माह्या पाटल्या मोडा. म्हणे, पाटल्या पोरींच्या हायेत, बाईले विचारतो. मंग तुमची दुसरी चिठी आली. वाचून दोन दिस जेवले नाई. मी म्हटलं, काय लिवलं बाईनं? म्हणे, भावानं भरू नये असं लिवलं. म्या म्हटलं, कोन भाऊ?

पोळ्याच्या दुसऱ्या दिशी शिपाई आला अन् घेऊन गेला. वाशीमच्या कोठडीत हायेत. काय करू ते लिवा. चिठी बोरखडीले धाडू नोका, तय्यबभाऊच्या रिसोडच्या दुकानावर धाडा.

(मी तय्यब. बाईनं सांगतलं तसं लिवलं. माझी म्हातारी मावशी, बोरखडीची सुलतानबी खाला, तिचीही एक गाठ त्या डब्यात होती. तिचे पुरे निंगाले.)


अमरावती
१८ सप्टेंबर १९३४

रुख्मिणीस,

तय्यबभाऊंनी हे वाचून दाखवावं.

शंभर रुपये पाठवले आहेत. त्यातले चाळीस गोजराबाईचे, ते वकिलामार्फत भरायचे. साठ वकिलाचे. पाटल्या मोडू नकोस.

तारीख लागली की कळव. मी वाशीमला येईन. पैसे माझ्याकडे आले, मी ते मागितले होते आणि मी ते खर्च केले, हे मी कोर्टात सांगेन. घेतले त्याने, पण कशासाठी घेतले हे मॅजिस्ट्रेटला कळलं पाहिजे.

त्याला मी जे लिहिलं ते एका अनोळखी माणसाबद्दल लिहिलं होतं. ही सबब नाही. चिंचोका वाचला तेव्हाच मी थांबायला हवं होतं. मी थट्टा केली आणि पुढे गेले. उत्तर लिहिताना कोश चार वेळा उघडला, त्याचं पत्र एकदाच वाचलं.

तू आणि मुली जेवत जा.

विजयमाला


रिसोड
२७ नोव्हेंबर १९३४

विजयमालाबाईंना तय्यबचा सलाम.

निकाल झाला. रुख्मिणीबाई बोलण्यासारखी नाई, म्हून मीच लिवतो.

तुमाले वाशीमच्या ठेसनावरून वापस फिरवलं ते मीच. मास्तर कोठडीतून बोलले होते, 'तय्यबभाऊ, बाईले कोर्टाच्या पायरीवर चढू देऊ नोका. चोरीचे पैसे घेतले म्हून तिचं नाव कागदावर आलं तं तिची शाळा जाते. मंग माह्या पोरी कोनाच्या दारी?' हेच तुमाले सांगतलं. तुमी बाकड्यावर बसल्या, छत्री मांडीवर धरून. अकोल्याची गाडी आली तशा चढल्या. तुमाले फिरवलं हे पाप झालं का पुण्य, मले अजून समजत नाई.

आता कोर्टाचं. वकिलानं चौदाही बायांले झाडाखाली बसवून पढवलं होतं. 'साहेब विचारतील, पैसे मिळाले का? म्हणायचं, मिळाले. एवढंच. पुढे तोंड उघडायचं नाही.' तेरा गाठी जप्तीत पुऱ्या, चाळीस भरलेले. बाया मिळाले म्हणाल्या असत्या तं मास्तर घरी येत होते.

गोजराबाई पयली उभी राह्यली.

सरकारी वकील म्हणे, 'तुला पैसे मिळाले?'

'मिळाले.'

आमचा वकील खूश.

'मग कुठे आहेत?'

'कुठं म्हंजे? मास्तरजवळ.'

'अंगठा कधी दिला?'

'आले त्या दिशी.'

'आणि पैसे घरी नेले नाहीस?'

'कायले नेऊ? जावयाले दारू पाजाले?'

सारं कोर्ट हासलं. आमच्या वकिलानं कपाळावर हात मारला. सरकारी वकील म्हणे, 'म्हणजे तुला पैसे मिळालेच नाहीत.' तशी म्हातारी तापली. 'साहेब, येवढे शिकले तुमी, अन् समजत कसं नाई? घरी नेले असते तं गेले असते. मास्तरजवळ हायेत म्हून हायेत! त्याच्यासारखा इमानदार मानूस तुमच्या कचेरीत एक तरी हाये का?'

तिच्यामागून तेराही जणी तसंच बोलल्या. एकीहून एक वरचढ. माझी खाला म्हणे, 'मी तं अजून ठेवाले आनले असते, पन तुमी त्याले आत टाकलं.' वकिलाचं पढवलेलं त्या इसरल्या नव्हत्या बाई. बाहीर आल्यावर मी इचारलं तं गोजराबाई म्हणे, 'मिळाले येवढंच म्हटलं असतं तं लोकाईले वाटलं असतं, आमचा त्याच्यावर भरवसा नाई, म्हून आमी पैसे काढून नेले.' त्या मास्तरची इज्जत ठेवाले आल्या होत्या. एकेक साक्ष कागदावर चढत गेली अन् एकेका साक्षीनं मास्तर आत जात गेले.

मंग मास्तर सोताच उठले. म्हणे, 'गोजरामाय, तुह्या गाठीत पैसे नव्हते. मी घेतले होते.' म्हातारीनं हात झटकला, 'घेतले तं घेतले, मले सांगाचं कायले? देशील मागून.'

मॅजिस्ट्रेट साहेबानं इचारलं, कशासाठी घेतले? मी मास्तरकडे पाह्यलं. मास्तर म्हणाले, 'दारू अन् पत्ते.'

बाई, या मानसानं जिंदगीत सुपारी खाल्ली नाई. बोरखडीचं सारं गाव तिथं बसलं होतं, पन एक जन बोलला नाई. मॅजिस्ट्रेट साहेब म्हणे, घरच्या अडचणीपायी घेतले असते तं दया केली असती. अठरा महिने देल्ले. अमानत में खयानत, म्हंजे ठेवीत बेइमानी, आमच्या जुबानीत येवढंच म्हणतात.

मास्तर अकोल्याच्या जेलात हायेत.

तय्यब


अकोला
(तारीख नाही. ३ मार्च १९३५ रोजी अमरावतीस हाती पोचले.)

तीर्थरूप बाई,

येथली पत्रं उघडून वाचतात. गोविंदसिंग नावाचा एकजण आज सुटतो आहे, त्याच्या हाती हे देतो.

मी बरा आहे. मला दळण नाही, सतरंज्या विणायचं काम आहे. बोटं सोलली होती, आता घट्टे पडले.

चाळीस रुपयांचं मी कोर्टात जे सांगितलं ते तसंच राहू द्या. तय्यबभाऊ सांगत होते, तुम्ही अपिलाचं विचारता आणि साक्ष देईन म्हणता. अपील करू नका. माझी टपालाची जागा गेली, शाळाही गेली, ती खरं सांगितल्याने परत मिळत नाही. तुमची आहे. मला धरून त्या पगारावर आता पाच माणसं आहेत असं समजा.

बोरखडीची टपालाची पेटी बंद केली आहे. मनिऑर्डरी आता आसेगावला येतात. गोजराबाईची तिचा जावई आणतो, तिला बैलगाडीत बसवून अंगठ्यापुरती नेतो.

रुख्मिणीला आणि मुलींना घेऊन जा. गावात त्यांना कुणी वाईट बोलत नाही, पण दारूचं मीच सांगितलं आहे, आता गावची पोरं त्यांना शाळेत तेच म्हणतात. कौतिकेला वाचनाची गोडी आहे. धाकट्या यमुनेला जरा वेळ लागतो, तिला मारू नका.

तुम्ही लिहिलं होतं की सांगता येत नाही त्याला आपण काय केलं हे पुरतं ठाऊक असतं. ते बरोबर होतं. तरी शिपाई येईपर्यंत मी रोज टपालाची थैली उघडताना तुमची आणखी एखादी चिठी येते का पाहत होतो.

इंद्रभान


अमरावती
१८ जून १९३५

तय्यबभाऊंस,

इंद्रभानला दोन ओळी वेगळ्या लिहिल्या आहेत, जेलरने वाचाव्या अशा. हे तुम्हाला. पुढच्या महिन्यात तुम्ही त्याला भेटाल तेव्हा तोंडी सांगा.

रुख्मिणी आणि मुली माझ्याकडे आल्या. रुख्मिणी माझ्याशी बोलते, विचारलं तेवढंच. स्वयंपाक मला करू देत नाही. कोश मी विकला. बारा रुपये आले. गोजराबाईचे चाळीस भरले आहेत, तरी हेही तिच्या हातात नेऊन द्या. जावई घरी नसेल अशी वेळ पाहा.

मॅजिस्ट्रेटला लिहिण्यासाठी मी तीनदा कागद घेतला. एकदा पाकीटही चिकटवलं. ते माझ्या कपड्यांच्या पेटीत आहे, टपालात टाकलेलं नाही आणि आता टाकणार नाही. मी वयाच्या विसाव्या वर्षापासून मुलींना खरं बोला म्हणून सांगत आले आहे. पाच माणसांचं पोट आडवं आल्यावर मलाही ते जमलं नाही.

तुम्ही लिहिलं होतं, मला स्टेशनावरून फिरवलं ते पाप की पुण्य. तुम्ही निरोप दिला. गाडीत चढले मी. त्यात तुमच्याकडे काही लागत नाही.

काल मुलींची नावं माझ्याच शाळेत घातली. प्रवेशाच्या छापील कागदावर नाव, जन्मतारीख, जात आणि त्यापुढे पालकाचा धंदा असे रकाने आहेत. कौतिका माझ्या खुर्चीला टेकून उभी होती. तिला चांगलं वाचता येतं, बापानेच शिकवलं. त्या रकान्यापाशी आले तेव्हा ती माझ्या हाताकडे पाहत होती. मी 'शेती' लिहिलं.

ती म्हणाली, 'आत्या, आपल्याले तं वावरच नाई.'

मी तिला गप्प बस म्हटलं.

कागदाच्या तळाशी छापलेलं असतं: वरील मजकूर खरा असल्याची मी खात्री करून घेतली आहे. तिथे मुख्याध्यापिकेची सही लागते. ती मी केली. मग यमुनेचा कागद पुढे ओढला.

विजयमाला